आखाजीच्या पानातली दशमी

मोठ्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या काकूला, मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. माझे यजमान म्हणतात, इतकी वर्षं झाली, ती बाई आता थकली, तिच्याविषयी चांगलं लिही. चांगलं लिहिण्यासारखं जे आहे ते लिहिते: तिचे पापड लाटताना कधी फाटले नाहीत, आणि सणाच्या दिवशी तिच्या उंबरठ्यावरची रांगोळी कधी चुकली नाही. तेवढं झालं. आता बाकीचं.

तळेगावला आमचं घर दुकानाच्या मागे होतं. पुढे किराण्याचं दुकान, मधे बसायची खोली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे गोठा, न्हाणी आणि एक पत्र्याचं छप्पर. मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, गल्ल्यावर बसायचे आणि माझे बाबा तराजू धरायचे. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला आवाज ऐकू यायचे ते याच क्रमाने: हमरस्त्यावरून अमरावतीकडे जाणारे ट्रक, मग दुकानाच्या फळ्या निघायचा आवाज, मग ओट्यावर नथ्थूबाबांच्या शिलाई मशीनची खडखड. स्वयंपाकघरात दोन तोंडांची चूल होती. तिच्या बाजूला गॅसची शेगडीही आली होती, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. एरवी तिच्यावर भरतकामाचा रुमाल असायचा. मागच्या छपराखाली दुसरी चूल होती, एकतोंडी. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापायचं आणि गाईची सरकी शिजायची. या दोन चुलींमधलं अंतर माझ्या पावलांनी फार नव्हतं, पण हे सगळं प्रकरण त्या अंतराचंच आहे.

आई डोंगराकडच्या गावची. आष्टीच्या पलीकडे जंगलाला लागून तिच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. तिथे गोंडांच्या बाया चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन यायच्या आणि बदल्यात मीठ, तेल, कापड न्यायच्या. आई त्यांच्या मुलींबरोबर वाढली, त्यामुळे कोणतं फूल खायचं, कोणतं नुसतं पाहायचं, हे तिला पाटीवरची अक्षरं यायच्या आधी येत होतं. लग्न होऊन ती तळेगावला आली ती हे सगळं बरोबर घेऊन. माघ सरता सरता शेवगा फुलला की ती फुलं झटकून, देठं काढून, कांद्यावर परतायची आणि वरून बेसन भुरभुरायची. दोन मुठी फुलं, एक मूठ बेसन, आणि पाण्याचा थेंब नाही. पाणी घातलं की फूल मेलं, असं ती म्हणे. मग कचनारच्या कळ्या यायच्या. त्या उकळून, पिळून, ताकातल्या कढीत सोडायच्या. कळी उमललेली चालत नसे, घट्टच हवी. पळसाची केशरी फुलं रात्रभर माठात भिजायची आणि दुसऱ्या दुपारी त्या पाण्यात साखर आणि लिंबू पडायचं. कडुलिंबाचा मोहोर तेलात चुरचुरीत तळून गुळाबरोबर कालवला की तो कडू आहे हे जिभेला नंतर कळायचं. मी आजही शेवग्याच्या फुलांची ती भाजी करताना फुलं आधी वाटीने मोजते आणि मग चुकलं असं वाटून आईसारखी मुठीने मोजते. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी आहे, म्हणून बेसन बेताने घालावं लागतं.

पण या सगळ्यात राजा म्हणजे मोह. मोहाचं फूल झाडावरून तोडत नाहीत. ते पहाटे आपोआप गळतं, आणि ऊन चढायच्या आत वेचायचं असतं. पांढरं-पिवळं, रसाने टपोरं, लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखं. वाळलं की लाल-तपकिरी होतं आणि मनुक्यासारखा वास येतो. आई वाळलेली फुलं सुपात चोळून पाखडायची, कारण फुलाच्या पोटात बारीक केसर असतं आणि ते राहिलं तर सगळं कडसर, कचकचीत होतं. चोळूनही जे चिकटून राहील ते भिजवल्यावर नखाने एकेक काढायचं. मग फुलं शिजवायची, रगडायची, आणि त्या गोड लगद्यात गव्हाचं पीठ भिजवायचं. एक वाटी फुलांना दोन वाट्या पीठ, चिमूटभर मीठ, थोडी खसखस. साखर नाही, गूळ नाही. त्या पिठाच्या दशम्या तव्यावर तूप सोडून भाजल्या की दुकानात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा नाक वर करून विचारी, आज काय आहे हो.

माझे आजोबा, ज्यांना सगळे आबाजी म्हणत, शेवटच्या काळात या दशमीवरच होते. दात गेले होते. आई दशमी दुधात कुस्करून त्यांना भरवायची. अर्धी दशमी ते ओट्यावर नथ्थूबाबांसाठी ठेवायला लावत. नथ्थूबाबा म्हणजे शेजारचे शिंपी. आबाजींचे लहानपणापासूनचे दोस्त, आमच्या ओट्यावर मशीन ठेवून बसायचे आणि भाडं म्हणून वर्षाला आबाजींच्या दोन बंड्या शिवून द्यायचे. दोघांत मिळून चार दात असतील.

"सुमन," नथ्थूबाबा आईला म्हणत, "तुह्या सासऱ्याले सांग, माही अर्धी दशमी मोठ्या बाजूची पाह्यजे."

"गोल असते ते, नथ्थूजी," आबाजी म्हणत. "गोल गोष्टीले मोठी बाजू नसते."

"तुमच्या हातानं मोडली की असते."

मोठी आई हे सगळं दारातून पाहायची आणि पदर नाकाला लावायची. तिचं म्हणणं असं की मोह म्हणजे दारू. दुकानदाराच्या घरातून मोहाचा वास आला तर लोक म्हणतील, मागे भट्टी लावली आहे. हे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आठवते ती तिची भाषा. "जंगलातून आली, जंगल घेऊन आली." "ढोरं खातात ते माणसाले घालते." आबाजी होते तोवर हे दबक्या आवाजात चालायचं.

आबाजी थंडीत गेले. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मोठ्या आईने स्वयंपाकघराची व्यवस्था लावली. त्या दिवशीचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मी तिथेच लसूण सोलत होते. ती आईला म्हणाली, "सुमन, आतापासून तू मागं पाह्य. पाणी, सरकी, भांडे. आतलं मी पाह्यते." आणि जाता जाता म्हणाली, "तुह्या हाताले मोहाचा वास येते. देवाच्या, पितराच्या पानाले तो हात नाई लागला पाह्यजे." बाबा तराजू पुसत होते. ते पुसतच राहिले. मी त्यांना आता दोष देत नाही. भांडण त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. पण त्या दिवशी तो तराजू इतका मळलेला नव्हता, एवढं मात्र लिहून ठेवते.

त्या फाल्गुनात आईने मागच्या छपराखाली, सरकीच्या चुलीवर, फुलांचा स्वयंपाक चालू ठेवला. फक्त आमच्यासाठी, थोडा थोडा. मोठ्या आईच्या लेकी परकराची ओटी करून मागून यायच्या आणि शेवग्याच्या फुलांचं बेसन खाऊन तोंड पुसून आत जायच्या. पाडव्याच्या आधी आईने मोह वाळत घातला. शेजारच्या बायांबरोबर रोज पहाटे जाऊन वेचलेला, चार-पाच पायल्या तरी असेल. गोणपाटावर पसरून ठेवला होता. आबाजी गेल्यानंतरची पहिली आखाजी महिनाभरावर आली होती आणि तिच्या मनात होतं की त्या दिवसासाठी चांगली फुलं निवडून ठेवावी. हे ती मला बोलली होती. मोठ्या आईला कुणी सांगितलं ठाऊक नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली, घरात पाहुणे होते, आर्वीची आत्या होती, भाऊबंदांच्या बाया होत्या. मोठी आई सगळ्यांना गोठा दाखवायला म्हणून मागे घेऊन आली. तिने गोणपाटाची चार टोकं उचलली आणि सगळा मोह गव्हाणीत ओतला. वर म्हणाली, "सणाच्या दिवशी गाईलेही गोड पाह्यजे." बाया हसल्या. आत्या हसली नाही, पण गप्प राहिली, आणि मी तिला हसणाऱ्यांतच धरलं. आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली, गव्हाणीकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. गाय खात होती. गाईवर माझा राग नव्हता.

मी तेव्हा नववीत होते. रडणं मला फारसं जमत नाही, हिशेब जमतो. मी असा हिशेब केला की मोहाचा मोसम अजून आठ-दहा दिवस आहे, आखाजीला वेळ आहे, आणि मोठ्या आईचं राज्य घरात आहे, घराबाहेर नाही. नथ्थूबाबांचं दोन एकर वावर नाल्याच्या अलीकडे होतं आणि त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना मोह होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी टोपली घेऊन तिथे गेले.

तिसऱ्या सकाळी नथ्थूबाबा लोटा घेऊन वावराकडे आले तर मी झाडाखाली. "काय वं वंदे," ते म्हणाले, "परीक्षा सोडून इथं काय करून राह्यली?"

"फुलं वेचून राह्यली."

"ते दिसते मले. कायले?"

मी सांगितलं. गव्हाणीचंही सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. मग मी विचारलं, "बाबा, आखाजीले आमच्या घरी पितर कोण बसणार आहे?"

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने एक जिवंत माणूस जेवायला बसवतात. त्यालाच त्या दिवसापुरतं पितर म्हणतात. त्याचे पाय धुतात, त्याला मधल्या पाटावर बसवतात, आणि तो जे मागेल ते पानात वाढावं लागतं, कारण मागणारा तो नसतो, गेलेला असतो. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. आणि पितर उपाशी उठला तर त्या घराचं वर्ष वाया गेलं असं मानतात. पहिल्या आखाजीला तर फारच जपतात.

नथ्थूबाबा हसले. "कोण बसणार म्हंजे? मीच. तुह्या मोठ्या बाबानं कालच सांगून ठेवलं."

"मंग आबाजीले काय आवडे ते तुम्हाले माहीत आहे."

ते लोट्यातलं पाणी हलवत राहिले. मग म्हणाले, "फुलं माह्या पत्र्यावर वाळू घाल. तुह्या घरी नको नेऊ. आणि तुह्या मायले सांगू नको. तिले माहीत असलं तर ते नाई म्हणन."

मी आईला सांगितलं नाही. आजवरही सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तिला कळेल.

आखाजीच्या दिवशी मोठ्या आईने स्वयंपाक चांगला केला होता, हे मान्य करते. आमरस, शेवया, वडे, कढी, भजी, कुरड्या, चिंचवणी, काही राहिलं नव्हतं. नवी घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवलं होतं. ती जरीकाठी पातळ नेसून स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात फिरत होती. भाऊबंद पुरुष दोन ओळींत पाटांवर बसले होते, उन्हाचा तडाखा होता, आणि सगळ्यांनी सकाळपासून फक्त चहा घेतलेला. आई मागे सरकी शिजवत होती. तिला आत बोलावलं नव्हतं. मी तांब्या घेऊन पाणी वाढायला होते, म्हणजे मला सगळं दिसत होतं.

मोठ्या बाबांनी नथ्थूबाबांचे पाय धुतले, कुंकू लावलं. विस्तवावर तूप आणि घास पडला, धूर झाला, सगळ्यांनी हात जोडले. नथ्थूबाबांनी पानाभोवती पाणी फिरवलं. मग हात मांडीवर ठेवला आणि पानाकडे पाहत बसले.

"घ्या ना नथ्थूजी," मोठे बाबा म्हणाले.

"पान चांगलं आहे," नथ्थूबाबा म्हणाले. "पण माही दशमी नाई दिसून राह्यली."

"कोणती दशमी?" मोठी आई दारातून म्हणाली.

"मोहाची. लहानी सून करे ते."

कुणीतरी हातातली कुरडई परत पानात ठेवली, तिचा आवाज ऐकू आला.

मोठी आई हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "नथ्थूजी, आज पितराच्या दिवशी मस्करी करता का?"

"आज मी नथ्थू नाई, सुनबाई. आज मी तुहा सासरा आहो. आणि मी वर्षभर दुसरं काई खाल्लं नाई, तुले तं माहीत आहे."

"फुलंच नाई घरात."

"काऊन? लय वाळू घातली होती म्हणे."

ज्यांच्या बाया पाडव्याला हसल्या होत्या ते पुरुष पंख्याकडे पाहू लागले. मोठे बाबा म्हणाले, "नथ्थूजी, घास घ्या. लोकं उपाशी आहे."

"त्याहिले भूक आहे, त्याहिनं घाई करावी. मी तं मेलेला माणूस. मले कायची घाई." आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, "वंदे, माह्या घरी डब्यात मोह आहे. जाय, घेऊन ये."

मी धावत गेले नाही, चालत गेले. त्या चालण्याची चव मला आजही आठवते. डबा घेऊन आले तर दारातच मोठ्या आईने तो माझ्या हातातून घेतला. "माह्याच हातानं करीन," ती म्हणाली, मला नाही, भिंतीला. शब्द दिला होता ना तिने, की आईच्या हाताचं काही पानाला लागणार नाही. आता त्या शब्दासाठी तिला आयुष्यात पहिल्यांदा मोह शिजवायचा होता. ती आत गेली, निम्मी फुलं पातेल्यात ओतली, पाणी ओतलं आणि खाली जाळ केला. ना सूप, ना चोळणं, ना पाखडणं. मी पाहत होते. मला येत होतं आणि मी बोलले नाही. पाहिजे तर याला कुणी काही म्हणावं. मी याला उत्तम वागणूक म्हणते.

गरम गरम दशमी आली. दिसायला बरी होती. नथ्थूबाबांनी ती दोन्ही हातांनी मोडली, उजेडाकडे धरली आणि तुकडा डोळ्यांजवळ नेला. आतून केसर लोंबत होतं, बारीक, तपकिरी.

"सुनबाई," ते म्हणाले, "दशमीले मिशा काऊन फुटल्या?"

एक जण हसला आणि मग थांबता येईना म्हणून उठून बाहेर गेला. नथ्थूबाबांनी तुकडा पानाच्या कडेला ठेवला, तोंडाला लावला नाही. "आबाजीच्या पानात असली कधी नव्हती. ज्या हाताची होती त्या हाताची आणा. मी बसलो आहो." मोठ्या बाबांनी बायकोकडे पाहिलं. ते शांत माणूस होते, पण भुकेने माणसाचा आवाज बदलतो. "सुमनले बोलाव," ते म्हणाले. "जाय."

मी तिच्या मागोमाग गेले. माझं काम पाण्याचं होतं, पण त्या वेळी कुणाला तहान लागली असेल तर ती मला दिसली नाही. आई काठीने सरकी ढवळत होती. आतलं सगळं तिला ऐकू गेलं असणार. मधलं दार उघडं होतं.

"सुमन, चाल. नथ्थूजी दशमी मागून राह्यले."

आईने काठी ठेवली नाही. "मी कशी येऊ बाई? पितराच्या पानाले माहा हात नाई ना लागला पाह्यजे."

"आता बोलत बसू नको. लोकं खोळंबले आहे."

"बसू द्या. बसले तं आहेतच." आईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. "तुम्ही म्हणालत्या, माह्या हाताले वास येते. अजून येते का?"

मोठी आई काहीतरी पुटपुटली.

"नाई ऐकू आलं. सरकी उकळून राह्यली."

"नाई येत," मोठी आई म्हणाली. या वेळी बैठकीपर्यंत ऐकू गेलं.

मग आई उठली. तिने राखेने हात घासले, पाण्याने धुतले, पदराला पुसले, सगळं सावकाश. डब्यात अजून निम्मी फुलं होती. तिने सूप काढलं आणि मोठ्या आईच्या हातात दिलं. "बसा बाई. एकटीनं वेळ लागन. तुम्ही केसर काढू लागा, मी आतली चूल पाह्यते." आणि मोठी आई बसली. जरीकाठी पातळ नेसून, शेणाने सारवलेल्या त्या ओल्या जमिनीवर, गव्हाणीकडे पाठ करून. ती फूल चोळायची, तिच्या हातून ते फुटायचं, आई आतून येऊन पाहायची आणि म्हणायची, "असं नाई. हलक्या हातानं." दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा नुसतं सूप हलवून दाखवलं. मी खांबाला टेकून उभी होते. मला पुढे आयुष्यात बरंच काही मिळालं, नोकरी मिळाली, वर्ध्याला स्वतःचं घर झालं, मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. पण अंगभर आनंद म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला ते सूप आठवतं. हे शोभत नाही असं माझ्या यजमानांचं मत आहे. त्यांचं मत मी इथे नोंदवलं आहे.

आईने आतल्या चुलीवर दशम्या भाजल्या. तूप सोडल्याचा आवाज आला, वास बैठकीत गेला, आणि जे लोक रागावून बसले होते तेही जरा सरळ बसले. पहिली दशमी आईने स्वतः नेली आणि स्वतः पानात वाढली. डोक्यावरून पदर घेतला होता. नथ्थूबाबांनी मोडली, दुधात बुडवली, खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मग म्हणाले, "आता जेवा रे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दोस्तासाठी होतं. माझ्या हिशेबात दोस्त नव्हताच, मी फक्त मोठी आई धरली होती. पण बेरीज चुकली असं काही मला वाटलं नाही.

त्या दिवशी मला वाटलं, झालं. सूड माझा होता, मी घेतला, आईला तिची जागा मिळवून दिली. नववीतल्या मुलीला असं वाटणं साहजिक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागे आले तर आतून वेगळेच आवाज. रोज त्या वेळी आतली चूल मोठी आई पेटवायची. आज तिथे आई बसली होती. भाकरीचं पीठ मळलेलं, तवा तापलेला, चहाचं आधण चुलीच्या दुसऱ्या तोंडावर. आज तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि ती कुणाला विचारून बसली नव्हती. मोठी आई केस बांधत दारात आली आणि थांबली. तिने आधी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. मला वाटलं आता ती काही तरी बोलेल, किंवा आई सरकून जागा देईल. आई तशी बाई आहे असं सगळं गाव समजत होतं, मीही समजत होते.

"मी काय करू मंग?" मोठी आई म्हणाली.

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं आणि मान वर न करता म्हणाली, "मागं पाहा बाई. पाणी तापवा. गाईची सरकी राह्यली आहे."

मोठी आई मागे गेली. दोन्ही भावांची घरं वेगळी होईपर्यंत, म्हणजे त्यानंतरचे तीन उन्हाळे, ती मागेच होती, आणि आईने तिला एकदाही आत बोलावलं नाही.